कोकणातलं १९५८ चं घर: पाडायचं नाहीये, सुधारायचं कसं?

पागोळी (धागाकर्ती)

श्रीवर्धन तालुक्यात आमचं घर आहे. आजोबांनी १९५८ साली बांधलेलं. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी-पडवी, मागे परस आणि विहीर. मी डोंबिवलीत. आई आणि दादा-वहिनी तिथेच असतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मागच्या अंगाची सगळी कौलं गेली. लॉकडाऊन होता, कौलं मिळेनात, माणसं मिळेनात, पाऊस डोक्यावर. दादाने मिळेल त्या भावाने पत्रे आणून ठोकले. "तात्पुरते" म्हणाला होता. ते अजून आहेत.

गेल्या मे महिन्यात मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला थर्मामीटर बरोबर नेला होता. दुपारी अडीच वाजता कौलांखालच्या माजघरात ३२, पत्र्याखालच्या स्वैपाकघरात ३८. मधे फक्त एक दार. आई त्या ३८ मध्ये भाकऱ्या थापते.

दुसरं दुखणं भिंतींचं. १९९५ च्या सुमारास बाबांनी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता कमरेपर्यंत पोपडे धरलेत. हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. चाटून बघितली तर खारट (हो, बघितली).

दादा म्हणतो पाडून स्लॅब टाकू. आई म्हणते मी असेपर्यंत नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे मांडते: हेच घर ठेवून ते थंड राहील, वीज कमी लागेल आणि विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवणार नाही, असं काही करता येईल का? सोलर बसवू का? आधी काय, नंतर काय? बजेट चार लाख, फार ताणलं तर पाच.

टवाळ_पोर

भिंत चाटून निदान करणाऱ्या पहिल्या डॉक्टर तुम्हीच. 😄

नारळीपोफळी

आमच्याकडेही (गुहागर) सेम टू सेम, फक्त वादळाच्या जागी माकडं. एक टोळी या झाडावरून त्या झाडावर जाताना मधला स्टॉप आमच्या छपरावर घेते. दरवर्षी शाकारणीला शंभरेक कौलं फुटलेली निघायची. शेवटी पत्रा घातला. आता माकडं पत्र्यावर नाचतात आणि दुपारी वाटतं देवळात ढोल वाजतोय.

वाचतेय, मलाही उत्तर हवंय.

सोलरप्रेमी

सरळ ३ किलोवॅटचं सोलर लावा. पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० अनुदान मिळतं. वीज फुकट झाली की स्वैपाकघरात एसी लावा, विषय संपला.

ओळंबा

पागोळी, माझी चाळीस वर्षं साइटवर गेली, त्यातली शेवटची दहा-बारा जुन्या घरांवर. सोलरप्रेमींचा उत्साह समजतो, पण सोलर सगळ्यात शेवटी. वासे आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) कशा आहेत हे न बघता छपरावर पॅनेल चढवायची आणि दोन वर्षांनी वाळवीसाठी तीच उतरवायची, असं मी दोन ठिकाणी पाहिलंय.

आधी भिंत. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी तो कंदिलाच्या वातीसारखा वर ओढतो. चुन्याचा गिलावा असला किंवा भिंत उघडी असली, की ते पाणी भिंतीच्या अंगावरून वाळून जातं. सिमेंटने ती वाट बुजवली. पाणी आत कोंडलं, आणखी वर चढलं, आणि जिथे फट मिळाली तिथे वाळताना बरोबर आणलेले क्षार सोडून गेलं. क्षारांचे खडे धरले की ते गिलाव्याला आतून ढकलतात. तू चाटलीस ती भुकटी म्हणजे तेच.

बहुतेक लोक काय करतात? वॉटरप्रूफ रंग लावतात. म्हणजे तापात दुलई. दोन पावसाळे बरं दिसतं, मग पोपडे कमरेवरून छातीवर जातात.

एक विचारतो. घराभोवती कोबा किंवा पेव्हर ब्लॉक केलेत का?

पागोळी

ओळंबाकाका, तुम्हाला कसं कळलं? दादाने २०१२ ला सगळं खळं काँक्रीटचं केलं, सुपारी वाळवायला. अगदी भिंतीला चिकटवून. आणि आता आठवतंय, त्याआधी पोपडे फक्त घोट्याएवढे होते!

ओळंबा

सापडला चोर. पूर्वी खळं शेणाने सारवलेलं असायचं, जमीन वाळायची. आता पागोळ्यांचं पाणी काँक्रीटवर आपटून भिंतीवर उडतं, आणि काँक्रीटखालची ओल वर यायला एकच जागा उरली, तुझी भिंत. घराला लागून दोन फुटांची पट्टी फोडून काढ. तिथे चर खणून खडी भर, बाहेरच्या बाजूला उतार दे. हे काम दोन गड्यांचं, दोन-तीन दिवसांचं. पाच लाखांतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी.

मग दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा खरवडायचा, पोपड्यांच्या वर हातभर जाऊन. भिंत मार्चपर्यंत तशीच उघडी ठेवायची. घर कुरूप दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू दे. भिंत वाळली की चुन्याचा गिलावा.

बाजूच्याकाकू

चुना मिळतो का हल्ली? आमच्या लहानपणी घाणीवर बैल लावून चुना मळायचे. वाड्याचं काम चाललेलं असताना आम्ही पोरं त्या चुन्यात घालायचा गूळ पळवून खायचो. मिस्त्री ओरडायचे, "घर पाडाल गं!"

टवाळ_पोर

म्हणजे काकू, महाराष्ट्रातले निम्मे वाडे तुमच्यामुळे पडले तर.

चिरेबंद

गूळ, हिरड्याचं पाणी, विटांचा चुरा, सगळं असायचं. हल्ली कळीचा चुना मिळतो, पण कसा भिजवायचा हे माहीत असलेला गवंडी मिळत नाही. मी दापोलीजवळ स्वतः उभं राहून करून घेतलं. पिंपात आधी पाणी, मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडायचे. उलट नाही. पाणी सळसळून उकळतं, वाफ येते. चष्मा लावाच, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आम्ही तो महिनाभर पाण्याखाली ठेवला. नंतर हातात घेतला तर लोण्यासारखा लागला, करणीला चिकटून राहतो आणि झटकला की पूर्ण सुटतो. समुद्राची वाळू चुकूनही वापरू नका, मीठ काढायला निघालात आणि मीठच भराल.

गवंड्याचा हात सिमेंटला बसलेला असतो. सिमेंटसारखं एका दिवसात जाड थर मारायला गेला की भेगा. दोन-तीन पातळ थर, मधे दिवस जाऊ द्यायचे, ऊन-वाऱ्यात एकदम वाळू द्यायचा नाही. माझ्या गवंड्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, हे कधी सुकणार?" मी म्हटलं, "सुकायचंच नाहीये, मुरायचंय." तेव्हापासून गावात मला मुरंबाशेठ म्हणतात.

वाखूसाआ

वाचनखूण साठवली. माहितीपूर्ण धागा. येऊ द्या.

माळवद

सगळं छान चाललंय, पण मला थोडं कडू बोलायचंय. मी उमरग्याकडचा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. माझं वय तेव्हा नऊ.

आमच्याकडची घरं कशी होती? दगड-मातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आज ज्याला लोक पर्यावरणपूरक म्हणतात ते सगळं. पण दरवर्षी गळती लागली की वर माती टाकायची. आजोबांनी टाकली, बाबांनी टाकली, कुणी काढली नाही. छपरावर अक्षरशः शेत झालं होतं. आणि भिंतीत आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिखल-कपचा. दोन पाळ्या एकमेकींना धरून नव्हत्या. हलल्या तशा दुभंगल्या, आणि ती सगळी माती खाली आली.

म्हणून कुणी "मातीचं घर, आज्जीचं शहाणपण" वगैरे सुरू केलं की माझं डोकं फिरतं. जुनं घर सुधारायचं तर आधी ते कोसळणार नाही हे बघा. थंडावा नंतर.

ओळंबा

माळवद, एक शब्दही खोडत नाही. किल्लारीनंतर त्या भागात मी सहा महिने होतो. जी घरं उभी राहिली होती त्यांच्या भिंतींना ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई घातलेले काँक्रीटचे 'थ्रू स्टोन' भरायचे, म्हणजे दोन्ही पाळ्या एकत्र शिवल्या जातात. दाराखिडक्यांच्या वर चारही बाजूंनी पट्टा. आणि छपरावरची जादा माती उतरवायची. लोक माती उतरवायला तयार नसत, गळेल म्हणून.

पागोळी, तुझ्याकडे घडीव चिऱ्याचा बांध आहे आणि वर हलकं कौलारू छप्पर, त्यामुळे गोष्ट वेगळी. पण मातीतला बांध आहे, आणि कोयनेचा १९६७ चा धक्का कोकणाने खाल्लेला आहे. भिंतीच्या माथ्यावर लाकडी पाटी चारही बाजूंनी अखंड आहे का, कोपऱ्यात सांधलेली आहे का, हे माळ्यावर चढून बघायला सांग. आणि म्हणूनच दादाला सांग की या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. मातीतल्या भिंती आणि वर टनावारी काँक्रीट, म्हणजे माळवद म्हणतायत तेच, सिमेंटमध्ये.

चिरेबंद

थोडा असहमत. मागच्या भागाला नवे खांब घेऊन फिलर स्लॅब करता येईल. लॉरी बेकरांनी केरळात हे खूप केलं. स्लॅबच्या खालच्या अंगाला जिथे काँक्रीट फारसं कामाचं नसतं तिथे जुनी मंगलोरी कौलंच भरायची. काँक्रीट वाचतं, आत हवा राहिल्याने उष्णता कमी येते.

ओळंबा

करता येईल. पाच लाखांत नाही.

लीड्सकर

मजा वाटली वाचून. मी इंग्लंडमध्ये, लीड्सला. आमचं विटांचं चाळीवजा घर साधारण १९०० चं आहे. इथल्या १९१९ आधीच्या बहुतेक घरांच्या भिंती भरीव, मधे पोकळी नाही. आधीच्या मालकाने बाहेरून सिमेंट मारलं होतं. परिणाम? तेच पोपडे, तीच भुकटी. (मी चाटली नाही.) आम्ही सिमेंट काढून आतून लाकडाच्या तंतूंची जाड पाटी आणि त्यावर चुन्याचा गिलावा केला. आता सरकार गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र) बसवायला ७,५०० पौंड देतंय, पण जो इंजिनिअर बघायला आला तो हेच म्हणाला: आधी फटी बुजवा, छपराखाली लोकर भरा, मग पंप लहान लागेल.

इथे बसून जांभ्याच्या भिंतीबद्दल वाचेन असं वाटलं नव्हतं. आजोळ मालगुंडचं, त्यामुळे जरा जास्तच.

सोलरप्रेमी

बरं, सगळे माझ्यावर घसरलेत, पण वीज लागणारच ना? आणि वादळानंतर महिनोन् महिने लाइट नव्हती तिकडे. सोलर असतं तर?

फ्यूज_उडाला

असतं तरी अंधारच असता, भाऊ. मी वायरमन आहे, हे रोज समजावतो. अनुदानावालं साधं सोलर महावितरणच्या लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरची वीज बसेल. लाइट गेल्यावरही चालायला हवं तर बॅटरी आणि हायब्रीड (लाइन नसताना बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर, म्हणजे खर्च वेगळा.

ताई, महिन्याला युनिट किती जळतात?

पागोळी

बिलं मागवली. एरवी १४० च्या आसपास, मे महिन्यात २०० पर्यंत. पंखे सगळे बाबांच्या वेळचे.

फ्यूज_उडाला

मग ३ किलोवॅट कशाला? आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं, महिन्याला १२० धरा. आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे नवा कमी वीज खाणारा पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास धरले तरी महिन्याला पन्नासेक युनिट वाचतात. मग १ किलोवॅटमध्ये भागेल, फार तर २. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८. सोलरप्रेमींचा ७८,००० चा आकडा बरोबर आहे, पण अनुदान जास्त मिळतं म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेणं म्हणजे सेल आहे म्हणून दोन नंबर मोठी चप्पल.

आणि माडाची सावली बघा. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी अख्ख्या माळेची वीज कमी होऊ शकते.

टवाळ_पोर

आणि माडावरून नारळ पडला तर?

फ्यूज_उडाला

तर चटणी. पॅनेलची.

नारळीपोफळी

पत्र्याचं कुणीतरी बोला रे. मी पांढरा रंग मारून बघितला. पहिला उन्हाळा झकास, हात लावून फरक कळत होता. एका पावसाळ्यात शेवाळाने काळा. हैदराबाद-अहमदाबादकडे 'कूल रूफ' चालतं, तिथे पाऊस किती पडतो?

चिरेबंद

पत्र्याखाली छत हवं, आणि पत्रा व छत यांच्या मधली हवा निघून जायला वाट हवी. खालून आत यायला पागोळीशी फट, वर आढ्याशी जाळी लावलेली फट. गरम हवा आपोआप वर निघते. चकचकीत फॉइल लावत असाल तर पत्र्याला चिकटवू नका. समोर मोकळी हवा असेल तरच ती काम करते, चिकटवली की नुसता चांदीचा कागद.

पण पागोळीताई, तुमच्या बाबतीत मी कौलंच म्हणेन. पत्रे तसेच ठेवून त्यावर रिपा मारून कौलं चढवा. उन्हाचा तडाखा कौलं घेतात, मधे हवा खेळते, कौल फुटलं तरी खाली पत्रा आहे म्हणून गळत नाही. माकडांचाही प्रश्न निम्मा सुटतो. फक्त कडेची आणि आढ्याजवळची कौलं तारेने बांधा, वारा तिथूनच शिरतो. जुनी कौलं शोधा. घरं पाडणारे स्वस्तात देतात.

बाजूच्याकाकू

बेसल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला म्हणे. आमच्या माहेरच्या कौलांवर इंग्रजी अक्षरं होती, आम्हाला वाटायचं साहेबाने सही केलीय.

पागोळी

सर्वांचे आभार! गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, तेही काढून टाकावेत का?

ओळंबा

त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. शाबूत असतील तर उगाच हात लावू नका. कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, फोडून खळ्यात भर म्हणून तर मुळीच टाकायचे नाहीत. त्याची धूळ फुप्फुसात जाते. काढायचेच झाले तर ओले करून, अख्खे.

आणि विहिरीचं राहिलं. घराचा जमिनीवरचा पसारा किती?

पागोळी

साधारण ११०० चौरस फूट.

ओळंबा

म्हणजे शंभर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्याकडे ३००० मिलिमीटर सहज पडतो, म्हणजे छपरावर तीन लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला म्हण, तरी दोन लाख चाळीस हजार. दहा हजारांचे चोवीस टँकर. आज ते सगळं खळ्यावरून रस्त्यावर जातंय. पन्हळ लाव, पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोड (माकडांची घाण असते), मग खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीकडे वळव. त्यातलं बरंचसं झिरपून जाईल, मेपर्यंत सगळं पुरेल असं सांगत नाही. पण समुद्राजवळ गोडं पाणी मुरलं तर खारं पाणी आत सरकायला जरा मागेपुढे बघतं.

टवाळ_पोर

बंबाबद्दल कुणीच बोललं नाही. नारळाची सोडणं जाळून तापवलेलं पाणी पर्यावरणपूरक की कसं?

पागोळी

बंबाला हात लावायची परवानगी नाही. आईने आधीच जाहीर केलंय की सोलर हीटरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, त्यामुळे आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.

---

पागोळी (दीड वर्षानंतर)

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून सांगते.

दादा आधी ऐकेना. शेवटी ओळंबाकाकांचे प्रतिसाद छापून नेले आणि त्याच्या पेपराच्या घडीत ठेवले. खळ्याची पट्टी त्याने स्वतःच फोडली. खालची माती डिसेंबरमध्येही हाताला गार, चिकट लागत होती. आईने मूठभर उचलून त्याला दाखवली, बोलली काही नाही.

गिलावा खरवडताना माजघराच्या भिंतीत एक कोनाडा निघाला, विटांनी बुजवलेला. आत पणतीची काजळी तशीच होती. आईलाही माहीत नव्हता. तो ठेवलाय.

चुन्याचा गिलावा फक्त माजघर आणि स्वैपाकघराला झाला, पैसे तेवढेच पुरले. गवंड्याने पहिला थर जाडच मारला, भेगा आल्या, परत काढला. दुसऱ्यांदा नीट बसला. एक पावसाळा गेला. उत्तरेच्या कोपऱ्यात अजून वीतभर ओल दिसते, बाकी कोरडं.

मागच्या पत्र्यांवर जुनी कौलं चढवली, गावातलंच एक घर पाडलं त्यांच्याकडून घेतली. वासे दोन बदलावे लागले, एकाला आतून वाळवीने पोखरलं होतं, बोट घातलं तर आरपार. या मेमध्ये तोच थर्मामीटर, तीच वेळ: स्वैपाकघर ३४. आई म्हणते आकडा मला कळत नाही, पण पदर ओला होत नाही आता.

पन्हळ अर्ध्याच घराला झालीय. विहिरीचं पाणी या वर्षी दहा मेपर्यंत पुरलं, एरवी एप्रिलच्या मध्यालाच टँकर येतो. अर्थात गेल्या वर्षी पाऊसही उशिरापर्यंत पडत होता, त्यामुळे श्रेय कुणाचं सांगता येत नाही.

सोलर अजून नाही. अर्ज भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की विजेचं बिल आजोबांच्या नावावर आहे. ते १९८१ ला गेले. नाव बदलायला घरपट्टीचा उतारा हवा, तोही त्यांच्याच नावावर. तिथे बाबा, दोन काका आणि आत्या यांच्या वारसांच्या सह्या. एक चुलतभाऊ मस्कतला.

फ्यूज_उडाला

ताई, हे निम्म्या कोकणाचं दुखणं आहे. पंखे बदललेत ना?

पागोळी

बदलले. बिल आता ९० युनिटांचं येतं. आजोबांच्या नावानेच.

ओळंबा

कोनाड्याचा फोटो टाक. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात बाहेरच्या बाजूला काय आहे? न्हाणीघर?

पागोळी

...बंब.

ओळंबा

त्याच्या सांडपाण्याचा चर बघ आधी. कोपऱ्यात गिलावा परत करू नकोस.

नारळीपोफळी

कौलं बसवणाऱ्या माणसाचा नंबर मिळेल का?

पागोळी

व्यनि केला आहे.